सांतोलच्या झाडाखालचा बेडूक

२ मे, शनिवार

शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी चर्चमध्ये गुडघे टेकून मी देवाला सांगितलं होतं, की आता पुन्हा कुणाच्या कार्ट्याचं नाक पुसणार नाही. आज माझ्या अंगणातल्या सांतोलच्या झाडाखाली डझनभर कार्टी बसली होती, आणि तीही मीच बोलावलेली.

कारण सालुद. सालुद म्हणजे माझी नणंद, हेर्मोची थोरली बहीण (म्हणून मी तिला मानांग, म्हणजे ताई म्हणते) आणि पाचव्या वाडीची पुढारीण. मी चौथ्या वाडीची. आमच्या दोघींच्या अंगणांच्या मधून जी हद्द जाते, तीच या दोन वाड्यांची हद्द. गेल्या वर्षी संत अंतोनियोच्या सणाला सुंदर वाडीचं पहिलं बक्षीस तिने नेलं, तेही जुने टायर कापून केलेल्या हंसांच्या जोरावर. हंस कसले, मान पिरगाळलेली बदकं. हेर्मो तेव्हा होता. तो हसून म्हणाला, "बरी आहेत की." त्यावर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. नोव्हेंबरात तो गेला.

यंदा वाटेच्या दोन्ही कडांना रंगवलेले दगड लावणार आहे. मासे, घुबडं, कासवं, जे दगडाच्या अंगात असेल ते. पाण्याचे रंग एका सरीत धुऊन जातात, म्हणून होडीला लावायचा तेलरंग आणला आणि हात पुसायला थिनर. पोरांना त्याचा वास फार आवडला. मग नियम सांगितले: दगड धुवायचा, वाळवायचा, खाचाखोचा पुट्टीने बुजवायच्या, घासायचा, आणि पांढऱ्या रंगाचा असा जाड हात द्यायचा की खालचं काही म्हणता काही दिसता कामा नये.

सालुदची नात जेलिनसुद्धा आली. आई कुवेतला, बाप कुठे आहे ते त्यालाच ठाऊक, पोरगी आजीजवळ असते. नात्याने मीही तिची आजी लागते, पण शनिवारी मी मॅडम. शत्रूच्या गोटातलं पोर आहे, पण हात चांगला आहे. ठेवून घेतलं.

९ मे, शनिवार

दगड नदीवरून आणा म्हणून बजावलं होतं. अर्ध्या पोरांनी परसातले, वाटेवरचे, जे पायाला लागले ते उचलून आणले. आजची पिढी चार पावलं जास्त चालली तर झिजेल.

जेलिन आणि तिचा तो शेंबडा दोस्त दोदोय गोणीत घालून एक धोंडा ओढत आले. नारळाहून मोठा, बुडाला सपाट, वर गोल.

"मॅडम, ह्याचा बेडूक होईल," जेलिन म्हणाली.

होईल खरा. कुठून आणला ते ती सांगायला लागली होती, पण तेवढ्यात कुणीतरी लाल रंगाचा डबा लवंडला आणि मला तिकडे धावावं लागलं. थोड्या वेळाने पुन्हा माझ्या पाठीशी येऊन उभी.

"मॅडम, ह्याच्या डोक्यावर बेरजेचं चिन्ह आहे. रंग आत जातोय."

"मग पुट्टी भर."

"खोल आहे."

"मग जास्त भर. तोंड कमी आणि हात जास्त चालव."

पोरीने निमूटपणे भरली, वाळू दिली, घासली. मी बोट फिरवलं तर कुठे काही लागेना. शाबास म्हटलं नाही. शाबास म्हटलं की डोक्यावर बसतात.

१२ मे, मंगळवार

सकाळी कॉफी घेत होते तर बाहेर ठोकाठोक. बघते तो सालुद दोन गडी आणि बांबू घेऊन सांतोलच्या बुंध्याशी उभी.

"मानांग, हे काय चाललंय?"

"डुकरांना आडोसा करतेय. वास आला तर खिडकी लावून घे."

"माझ्या जागेत?"

"तुझ्या? तुझी जागा कपडे धुवायच्या फरशीपाशी संपते, बिसिंग. हेर्मो होता तेव्हा विचारायचं होतंस त्याला."

मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावते ही बाई. ज्या झाडाखाली माझी शनिवारची पोरं बसतात, तिथे हिची डुकरं लोळणार. मी म्हटलं, दाखवा मग हद्दीचा दगड. सासऱ्यांनी भाऊबहिणीची वाटणी केली तेव्हा पुरलेला तो दगड, माझ्या लग्नाच्या आधीचा. गेल्या वादळात नदीचा गाळ अंगणात आला, त्यावर गवत वाढलं, आणि मी तरी धोंडे मोजत कशाला बसेन.

सालुद तरातरा माझ्या धुण्याच्या फरशीकडे गेली, गवत बाजूला केलं आणि तशीच वाकून राहिली. तिथे मऊ मातीचा खळगा होता.

"इथं होता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काढलास?"

मी रोज त्या फरशीवर कपडे आपटते, मला कधी दगड दिसला नाही तो आजच बरा तिथे होता! खळगा काय, कोंबड्यापण उकरतात. मी तिला सांगितलं, की दगड तुम्हीच गायब केलात आणि आता माझ्या दारात येऊन बोंब मारताय. चोर तो चोर आणि वर शिरजोर. गडी बांबू तिथेच टाकून पळाले.

१४ मे, गुरुवार

गावच्या प्रमुखापुढे, म्हणजे कॅप्टनपुढे, बोलावणं झालं. कॅप्टन तेओ माझा जुना विद्यार्थी, अजून खुर्चीत वाकडा बसतो. मी म्हटलं, "तेओ, पाठ सरळ." झाला सरळ. पंच हसले, सालुद हसली नाही.

तेओने विचारलं, दगड ओळखायचा कसा. सालुद म्हणाली, "वर क्रूस कोरलाय. वडील छिन्नीने कोरत होते तेव्हा मी आणि हेर्मो समोर बसलो होतो. कोरून झाल्यावर त्यांनी आमच्या दोघांचे हात त्यावर ठेवले आणि म्हणाले, ह्याच्यावरून कधी भांडू नका." तेओच्या डोळ्यांत टचकन पाणी. ह्या पोराला पाढे कधी आले नाहीत, रडायला मात्र लगेच येतं.

निकाल असा, की सणापर्यंत दगड सापडला तर सापडल्या जागी हद्द. नाही सापडला तर मोजणीवाला बोलवायचा. तोवर डुक्कर नाही, कुंपण नाही, पोरांनी झाडाखाली बसायला हरकत नाही.

झाड गेलं तर पोरं कुठे बसवू? माझ्या उरलेल्या अंगणात धुण्याच्या फरशीशिवाय आहे काय. शनिवार गेला की आठवड्यात उरतं काय, हेही आज जेवताना मनात आलं. लगेच काढून टाकलं.

१७ मे, रविवार

आज एक काम केलं. चांगलं की वाईट ते नंतर बघू.

प्रार्थना सुटल्यावर सगळे चर्चबाहेर उभे असताना मी तिथल्याच अंगणातल्या दगडी क्रूसापाशी गेले. मेणबत्तीचं बूड कापून वात मोकळी केली आणि मेणबत्ती उलटी रोवून पेटवली. फादरना हे चालत नाही, पण ते आत कपडे बदलत होते. उलटी मेणबत्ती म्हणजे चोराला शाप, हे इथे शेंबड्या पोराला कळतं. चोराचं नाव माहीत असावं लागत नाही. उलट कुणी नाव उच्चारलं, की शाप त्या माणसात मुरतो आणि मग निघत नाही, असं म्हणतात. लावली त्यानेच मेणबत्ती सरळ केली, तरच सुटका.

मी खणखणीत आवाजात म्हटलं, "क्रूस कोरलेला हद्दीचा दगड ज्या हाताने उचलला, तो हात सुजो, तो हात सडो." वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. पोरं तोंडाचा आ करून बघत होती. सालुद नातीचा हात धरून उभी होती, ती जागची हलली नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी शिकलेली बाई आहे. पण सालुदचा आहे, आणि मला तेवढं पुरे.

२३ मे, शनिवार

आज नऊच पोरं. चौथ्या वाडीच्या दोन आयांनी आपली पोरं पाठवली नाहीत, "मॅडमची जीभ काळी आहे" म्हणे. त्यांच्या घरात दिवसभर टीव्ही किंचाळतो, तो बरा चालतो.

जेलिन आली, पण तिचं लक्ष नव्हतं. बेडकाला हिरवा रंग द्यायचा तर डाव्या हाताने कुंचला धरून बसली. मी म्हटलं, हे काय नवीन फॅड? उजवा हात झग्याच्या खिशात. बाहेर काढायला लावला तर बोटं लाल, कातडी फुटलेली.

"हात धूत नाहीस ना?"

"थिनरने पुसते, मॅडम. तुम्ही सांगितलं तसं."

"मग अजून नीट पूस."

पुसलं तिने. डोळ्यांतून पाणी येत होतं पण आवाज नाही काढला. जाताना विचारते, "मॅडम, माहीत नसताना उचललं तरी लागतं का?"

"काय?"

"काही नाही."

ह्या पोरीला अर्धं बोलून सोडायची वाईट खोड आहे. आजीवर गेली आहे.

२७ मे, बुधवार

सालुद आज माझ्या स्वयंपाकघरात आली. हेर्मोच्या मयतीनंतर पहिल्यांदा. सोबत केळीच्या पानात गुंडाळलेले भाजलेले मासे. ते टेबलावर आपटून म्हणाली, "मेणबत्ती सरळ कर."

मी भात ढवळत होते, ढवळत राहिले. "का बरं, मानांग? हात खाजतोय का?"

"करतेस की नाही?"

"आधी दगड आणा."

"दगडाचं मरू दे. तू बाई आहेस की कोण आहेस? तुला मूल नाही झालं, म्हणून तुला..." तिथे थांबली. मग एकदम खालच्या आवाजात, "बिसिंग, मी तुझ्या पाया पडू का?"

चोराच्या मनात चांदणं, ते असं. आयुष्यभर ताठ मानेने फिरलेली बाई पाया पडायला निघाली, आणखी काय पुरावा पाहिजे? मी म्हटलं, पाया नको, कॅप्टनपुढे कबूल करा. ती निघून गेली. मासे मांजराला घातले. मांजराला आवडले.

मूल नाही झालं हे मात्र ती बोलली. वीस-पंचवीस वर्षांत कधी बोलली नव्हती. रात्रभर तेच डोक्यात घोळणार आहे, माहीत आहे मला.

३ जून, बुधवार

जिंकले.

सालुदने स्वतः तेओला सांगून पंच जमवले. उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाड तिचं, पट्टा तिचा, धुण्याच्या फरशीपासून माझ्या कुंपणापर्यंत सगळं तिचं. मी डुकरं विकून टाकली. फक्त तिने मेणबत्ती सरळ करायची, आजच्या आज."

तेओ म्हणाला, "मानांग सालुद, म्हणजे दगड तुम्ही...?"

"कुणी उचलला ते विचारू नकोस. नाव घ्यायचं नाही. लिहून घे, मी अंगठा देते." सही येते तिला, तरी अंगठा म्हणाली. तिचा उजवा हात मी नीट बघितला. त्याला काही झालेलं नव्हतं.

तेओ मला म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही मोठ्या मनाने..." मी म्हटलं, करीन. करीन म्हटलं ना. पण चार माणसांत मला चोर ठरवून महिनाभर नाचवलं हिने, आणि मी आजच्या आज धावत जाऊ? मोठ्या मनाची माणसं गावात पुष्कळ आहेत. सण होऊ दे, मग बघते.

६ जून, शनिवार

आता झाडाखाली बसताना कसं ऐसपैस वाटलं. पोरं मात्र गुपचूप होती. शाळा सुरू झाल्यामुळे दमली असतील. दोदोय तर माझ्याकडे बघेचना, कुंचला टाकून पळून गेला.

जेलिन नाही आली. सालुदने पाठवली नसणार. हरलेला माणूस दुसरं काय करणार? बेडकाचे डोळे राहिले होते ते मीच काढले, मोठे पिवळे. वाटेच्या तोंडाशी पहिला मान बेडकाचा.

आल्यागेल्याने विचारलं, "मॅडम, मेणबत्ती?" सणानंतर, म्हटलं.

१० जून, बुधवार

परीक्षक येऊन गेले. सान होसेहून दोन बाया आणि एक टायवाला. टायवाला बेडकापुढे उकिडवा बसून राहिला. म्हणाला, ह्यात जीव आहे, कुणी केला? मी म्हटलं, माझ्या पोरांनी.

पाचव्या वाडीत यंदा नवीन काही नाही. तेच टायरचे हंस, रंगसुद्धा लावला नाही. सालुद परीक्षकांना सामोरी आली नाही. ते गेल्यावर मात्र वाटेवर आली आणि बेडकाच्या डोक्यावरून हात फिरवत उभी राहिली. कितीतरी वेळ. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं हाही उचलून नेते की काय, म्हणून खाकरले. ती गेली.

१३ जून, शनिवार, संत अंतोनियोचा सण

पहिलं बक्षीस चौथ्या वाडीला. माझ्या गळ्यात सांपागीताच्या फुलांची माळ घातली, बँड वाजला, भाजलेल्या डुकराचा कानाकडचा कुरकुरीत तुकडा आधी मला दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवढ्या वाजवायला हव्या होत्या तेवढ्याच.

मिरवणुकीत सालुद नव्हती. लहानपणापासून ती संताच्या पालखीपुढे चालते. तेओला विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? जेलिनला काल सान होसेच्या इस्पितळात नेलं. हात कोपरापर्यंत सुजलाय, ताप उतरत नाही." मग माळेकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही मेणबत्ती सरळ केलीत ना?"

मी म्हटलं, मुलं हात धूत नाहीत, दुसरं काय.

कुरकुरीत तुकडा तसाच ताटात राहिला. लहान पोरीचा हात कशाला सुजेल? तिने काय केलंय? मी शिकलेली बाई आहे. हे मी आज स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की शब्दांना काही अर्थ उरला नाही.

१४ जून, रविवार

सकाळी दगड आत घ्यायला गेले. रात्री पाऊस आणि वर दारुड्यांचे पाय, काही दगड कलंडले होते. बेडूक जागेवर होता पण डोक्यावरचा रंग तडकलेला. मी नखाने सहज उचकटलं. खालची पुट्टी अख्खी निघून हातात आली, साच्यातून निघावी तशी. दोन आडव्या-उभ्या रेघा.

खाली क्रूस.

मी वाटेवरच बसले. दोन वाड्यांची माणसं ये-जा करत होती, सणाचा दुसरा दिवस, पत्रावळी गोळा करत होती. कुणी विचारलं, मॅडम, चक्कर आली का? मी बेडकाच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. मॅडम, ह्याच्या डोक्यावर बेरजेचं चिन्ह आहे. मग जास्त भर. माहीत नसताना उचललं तरी लागतं का? हे सगळं माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी मागे जाऊन वाचलं आणि वही भिंतीवर फेकली.

ज्या हाताने उचलला तो हात सडो. भर अंगणात, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. आणि ती आजीचा हात धरून समोर उभी होती. आजीला तिने त्याच दिवशी सांगितलं असणार. सालुदने नाव घेतलं नाही, कारण नाव घेतलं की शाप मुरतो. जमीन दिली, डुकरं विकली, मला "पाया पडू का" म्हणाली, आणि मी भात ढवळत राहिले.

चर्चकडे धावले. माझ्या वयाच्या बाईने धावू नये. क्रूसापाशी जळून उरलेलं मेणाचं ढेकूळ अजून दगडाला चिकटून होतं. ते खरवडून काढलं. नवी मेणबत्ती सरळ लावली, वाऱ्याने विझली, पुन्हा लावली, हातांचा आडोसा करून शेवटपर्यंत जळू दिली. फादर आले, म्हणाले, "मॅडम, ह्या अंधश्रद्धा आता तुम्हीसुद्धा..." मी म्हटलं, "फादर, तुम्ही गप्प बसा." संत अंतोनियो हरवलेलं शोधून देतो. दिलं शोधून. पण माझ्या गळ्यात आधी माळ पडू दिली.

१५ जून, सोमवार

पहिल्या जीपने सान होसेला गेले. इस्पितळाच्या व्हरांड्यात सालुद बाकावर बसली होती. मला बघून उठली नाही.

"कशाला आलीस? बक्षीस दाखवायला?"

"मेणबत्ती सरळ केली, मानांग. काल."

"काल." तिने तो शब्द तोंडात धरला आणि थुंकल्यासारखा टाकला. "मी तुला तीन जूनला सांगितलं होतं."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

नर्स बाहेर आली, तरुण, घाईत. "ह्या मुलीचे हात कशाने पुसता? ती म्हणते थिनरने. एवढ्या लहान मुलीला? कातडी जळलीये, त्यातून घाण आत गेली. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर बोटं काढावी लागली असती." मग आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत, "घरात कुणी शिकलेलं माणूस नाही का?"

सालुद माझ्याकडे बोट दाखवू शकत होती. नाही दाखवलं. मीच म्हटलं, "मी दिलं होतं थिनर. मी तिची शिक्षिका आहे."

म्हणजे शाप खरा मानला तरी माझा, आणि खोटा मानला तरी माझाच. मला सुटायला दोन दारं होती आणि दोन्हीकडे मीच उभी होते.

आत जाऊ देईना सालुद. "झोपलीय. तुझा आवाज ऐकून उठेल." दारातूनच बघितलं. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला हात पोटावर ठेवून झोपली होती. आकाराने दुप्पट झालेला तो हात बघून मला रडू आलं, आणि रडताना सालुदने बघितलं ह्याचा रागही आला.

१८ जून, गुरुवार

जेलिन घरी आली. ताप नाही, बोटं हलतात.

बेडूक टोपलीत घालून मी सालुदच्या अंगणात गेले. पायरीवर ठेवला, टाळूवरचा क्रूस उघडा. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला काय दाखवतेस, मी ओळखते त्याला. पोरीने सांगितलं तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्याशी?"

जेलिन दारात येऊन उभी राहिली. मला बघून आजीच्या मागे सरकली. हे मला सालुदच्या कुठल्याही शब्दापेक्षा जास्त लागलं. मी खाली बसले, तिच्या उंचीला, गुडघे करकरले.

"जेलिन, शाप गेला. मी काढला. तुला लागायचाच नव्हता, तू काही चोरलं नव्हतंस. चूक मॅडमची."

तिने आजीला विचारलं, "लोला, खरं?"

सालुदने तांदळातून खडा काढून फेकला. "आयुष्यात एकदा खरं बोलतेय. ऐकून घे."

"मग बेडूक कुठून काढला ते दाखव," मी म्हटलं.

जेलिन चालत निघाली, मागे अंगणात घुटमळणारा दोदोय, मागे आम्ही दोघी, एकमेकींपासून हातभर अंतर राखून. सांतोल ओलांडला, थेट माझ्या धुण्याच्या फरशीशी, त्याच खळग्यापाशी थांबली. "इथं. घट्ट होता, मॅडम. दोदोयने कुदळ आणली."

पुराने सरकवला असेल, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य माझ्या ओठांवर येऊन उभं होतं, अगदी व्याकरणशुद्ध. पण घट्ट होता, कुदळ लागली. आणि गेल्या वीस वर्षांत ही फरशी मीच दर पावसाळ्यानंतर एकेक लादी पुढे सरकवत आणली आहे, चिखल होतो म्हणून. हेर्मो बघायचा आणि काही बोलायचा नाही. मी गिळलं ते वाक्य.

"झाड तुमचं, मानांग," मी म्हटलं. "तेओला सांगते मी."

"सांग. सगळ्यांपुढे सांग, त्याच आवाजात." मग झाडाकडे बघत, "आणि ती फरशी उचल माझ्या जागेतून."

२० जून, शनिवार

काल पंचांपुढे सांगितलं. तेओ पुन्हा रडला. बक्षिसाची ढाल परत द्यायला गेले, तर टायवाल्याने निरोप पाठवला, की दगड सुंदर होता हे खरंच आहे, ठेवा. मी सालुदच्या पायरीवर ठेवून आले. तिने त्यावर कोंबड्यांना दाणे घातले आहेत.

रंग आता पाण्याचेच. धुतले जाऊ देत. पोरांना निरोप दिलाच नव्हता, कुठल्या तोंडाने देऊ, आणि बसवू तरी कुठे. म्हणून मी उरलेल्या लाद्या उपटत बसले होते तर झाडाखालून आवाज यायला लागला. बघते तर सगळी जमलेली, आया पाठवत नव्हत्या तीसुद्धा. मधोमध सालुद, मोठ्या पातेल्यातून नारळाच्या दुधातली केळी वाटत.

"बघत काय बसलीस?" ती ओरडली. "मला रंगातलं काय कळतं? शिकव."

मी उठून निघाले तर म्हणाली, "तिथूनच. हद्द ओलांडायची नाही. आवाज पोचतो तुझा, गावाला माहीत आहे."

मग मी माझ्या बाजूला स्टूल टाकून बसले आणि तिथून शिकवलं. कुंचला असा धर, पाणी कमी घे, दोदोय, नाक पूस. जेलिन डाव्या हाताने रंगवत होती. मी काही बोलले नाही. बऱ्यापैकी जमतंय तिला. शेवटी तेही सांगितलं तिला: "शाबास."

सुट्टी व्हायच्या आधी तेओच्या साक्षीने दगड खळग्यात परत बसवायचा होता. क्रूस उघडाच ठेवला, बाकी अंग हिरवं, डोळे पिवळे. तेओ म्हणाला, रंग काढायला हवा, सरकारी दृष्टीने बरं दिसत नाही. सालुद म्हणाली, "राहू दे, पोरीने केलाय." तिने आणि मी, दोघींनी त्यावर हात ठेवून माती दाबली. माझा हात तिच्या हाताला लागला, तिने काढला नाही. दाबायचं काम होतं म्हणून असेल.

"लोला," जेलिनने विचारलं, "बेडकाचं तोंड कुणाकडे ठेवायचं? आपल्याकडे की मॅडमकडे?"

सालुदने माझ्याकडे एक नजर टाकली.

"तिच्याकडे ठेव," ती म्हणाली. "कुणाचं तरी लक्ष राहू दे तिच्यावर. एकटी असते."